शेजारच्या वहिनींचं बिल कमी येतं, मग आपण पण कंपनी बदलायची का?

मे महिन्याचं लाईट बिल हातात पडलं की या सदराकडे पत्रांचा पाऊस सुरू होतो, खरा पाऊस यायच्या आधी. यंदाही तेच. त्यातले पाच प्रश्न घेतलेत. पहिल्याला सगळ्यात जास्त जागा दिलीय, कारण तसंच विचारणाऱ्या अजून कितीतरी जणी आहेत.

प्रश्न : ताई, आम्ही कांदिवलीला राहतो, वन बीएचके, आम्ही दोघं, मुलगा बारावीला आणि सासूबाई. आमच्या सोसायटीत काहींकडे एका कंपनीची लाईट आहे आणि काहींकडे दुसऱ्या. शेजारच्या वहिनींनी गेल्या वर्षी कंपनी बदलली, त्या सांगतात महिन्याला दोन-तीनशे सहज वाचतात. परवा गेटवर एक मुलगा फॉर्म घेऊन बसला होता, म्हणाला काकू सही करा बाकी सगळं आम्ही बघतो. मिस्टर म्हणतात करून टाक. सासूबाई म्हणतात अजिबात नको, नवीन वायर आणायला भिंती फोडतील आणि मग लाईट गेली की दोन्ही कंपन्या एकमेकांकडे बोट दाखवतील. आमचे युनिट एरवी दीडशेच्या आसपास असतात, एप्रिल ते जुलै एसीमुळे २८० पर्यंत जातात. काय करू?

उत्तर : आधी सासूबाईंचं बघू, कारण घरात त्यांनाच खरा प्रश्न पडलाय, बाकीच्यांना नुसता फॉर्म दिसतोय.

भिंती बहुतेक फुटणार नाहीत. मुंबईच्या उपनगरात टाटा आणि अदानी या दोन कंपन्यांमध्ये कंपनी बदलायचे दोन प्रकार आहेत, आणि गेटवरचा मुलगा त्यातला कुठला ते सांगत नाही. एक म्हणजे चेंजओव्हर, यात वायर आहे तीच राहते, जिची आहे तिचीच राहते, फक्त वीज विकणारी आणि बिल पाठवणारी कंपनी बदलते. दुसरा स्विचओव्हर, यात नव्या कंपनीची स्वतःची केबल तुमच्या मीटर रूमपर्यंत येते. फॉर्म भरण्याआधी पहिला प्रश्न हाच विचारा, आमचं चेंजओव्हर होणार की स्विचओव्हर, आणि उत्तर कागदावर मागा.

आता त्यांचा दुसरा मुद्दा, लाईट गेली तर. चेंजओव्हर असेल तर खड्डा खणताना केबल तुटली, पावसात सबस्टेशनमध्ये पाणी शिरलं, फेज उडाला, तर दुरुस्तीला माणूस वायरवाल्या कंपनीचाच येणार, बिल कुणालाही भरत असलात तरी. म्हणजे लाईट वारंवार जाते म्हणून वैतागून चेंजओव्हर करणार असाल तर उपयोग शून्य. तीच वायर, तोच ट्रान्सफॉर्मर, जाते तशीच जाणार. आणि वहिनींकडे आहे तुमच्याकडे गेली असं कधी झालंच तर ते कंपनीमुळे की वेगळ्या फेजमुळे, हे वायरमनला विचारून घ्या, बरेचदा फेजच निघतो.

आणि वीज तर काय, ती कुणाच्या नावाची पाटी लावून येत नाही. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ चं, भिवपुरी आणि भिरा त्यानंतरची, पण म्हणून टाटाच्या ग्राहकाच्या मिक्सरमध्ये खोपोलीच्या पाण्याची वीज आणि अदानीच्या ग्राहकाच्या मिक्सरमध्ये कोळशाची, असं काही नसतं. सगळी एकाच जाळ्यात ओतली जाते आणि तिथूनच सगळे घेतात. १२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार आठवतोय ना, सकाळी दहाच्या सुमारास मुंबई बंद पडली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा अंधारात बसताना टाटा, अदानी आणि बेस्ट असा भेदभाव झाला नव्हता. बाहेरून वीज आणणाऱ्या लाईन गेल्या आणि मुंबईला वेगळं काढून वाचवायची जी व्यवस्था आहे ती त्या दिवशी टिकली नाही. त्यामुळे कंपनी बदलायची तर पैशासाठी बदला, दुसऱ्या कशासाठी नको.

मग पैशाचं बोलू. हा प्रकार मुळात सुरू झाला तोच पैशावरून. उपनगरात पूर्वी बीएसईएस होती, मग ती रिलायन्सकडे गेली, आणि ऑगस्ट २०१८ पासून अदानीकडे आहे. टाटांकडेही लायसन्स जुनंच होतं पण ते घरगुती ग्राहकांना किरकोळीत वीज विकू शकतात का यावर भांडण होतं, ते जुलै २००८ मध्ये सुप्रीम कोर्टात टाटांच्या बाजूने सुटलं. पण केबल तर घरोघरी दुसऱ्याची. म्हणून ऑक्टोबर २००९ मध्ये वीज नियामक आयोगाने सांगितलं की दुसऱ्याची वायर वापरा, तिचं भाडं ग्राहकाने बिलातून द्यायचं. तेव्हा टाटाचे दर बरेच कमी होते आणि लोक रांगा लावून तिकडे गेले, माझे वडील पण गेले, आमच्या बिल्डिंगमध्ये तर लग्नाची पंगत बसावी तसे मजल्यामजल्याने लोक सह्या करत होते.

पुढे काय झालं ते मात्र पंगतीतल्या कुणी सांगत नाही. इकडून तिकडे गेलेल्यांवर जादा अधिभार बसले, दर वर खाली झाले, आणि काही वर्षांनी तीच माणसं उलट्या दिशेने अर्ज करायला लागली. अगदी अलीकडचं सांगते, एप्रिल २०२४ पासून टाटाचे दर सरासरी २४ टक्क्यांनी वाढले, आणि लगेच पुढच्या वर्षी मार्च २०२५ च्या आदेशात ते चांगलेच खाली आणायला सांगितले, अदानीचेही कमी करायला सांगितले पण त्या प्रमाणात नाही. म्हणजे बारा महिन्यात कोण स्वस्त याचं उत्तर हललं. दर कंपनी ठरवत नाही, आयोग ठरवतो, कफ परेडला बसून. त्यामुळे "ती कंपनी स्वस्त आहे" हे वाक्य सोन्याच्या भावासारखं आहे, आज खरं असेल, उद्याचं उद्या.

आता वहिनींचं गणित आणि तुमचं गणित वेगळं का ते बघा. घरगुती दर स्लॅबमध्ये असतात, शून्य ते शंभर, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, पाचशेच्या वर. एक कंपनी खालच्या स्लॅबला स्वस्त आणि वरच्या स्लॅबला महाग, दुसरी बरोबर उलटी, असं होऊ शकतं. मी खोटे पण सोपे आकडे घेते, हे खरे दर म्हणून कुणी धरू नका. समजा पहिली कंपनी, म्हणजे तुमची सध्याची, पहिल्या शंभर युनिटला ४ रुपये आणि पुढच्या दोनशेला ७ रुपये लावते, दुसरी, म्हणजे वहिनींची, पहिल्या शंभरला ५ आणि पुढे ६. वायरचं भाडं दोन्हीकडे तेच, वायर तीच आहे ना, म्हणून ते सोडून देऊ.

तुम्ही महिन्याला १५० युनिट जाळले तर पहिलीकडे ७५० रुपये, दुसरीकडे ८००. दुसरी महाग. २८० युनिट जाळले तर पहिलीकडे १,६६०, दुसरीकडे १,५८०. दुसरी स्वस्त. बरोबर २०० युनिटला दोघी सारख्या. वहिनींकडे एसी बारमाही चालत असेल, युनिट तीनशेच्या खाली कधी येतच नसतील, तर त्यांचे दर महिन्याला शंभर तरी वाचतात आणि वरच्या स्लॅबमध्येही फरक असला तर आणखी, त्या खोटं बोलत नाहीयेत. पण तुमचं वर्षाचं काढा. चार महिने ८० रुपये वाचले, झाले ३२०. आठ महिने ५० रुपये जास्त गेले, झाले ४००. म्हणजे वर्षाला ८० रुपये तोटा, वर १६ टक्के वीज शुल्क. आणि हे सगळं करताना मे महिन्याचं बिल बघून घरात सगळे खूष की बघा वाचले!

हीच चूक मी स्वतः केली होती हे पण कबूल करते. बदलल्यानंतरचं पहिलं बिल डिसेंबरचं आलं, ते आदल्या मे महिन्याच्या बिलाशेजारी ठेवलं आणि आठ दिवस सगळ्यांना सांगत फिरले की निम्मं झालं. निम्मे पंखेच बंद होते.

तेव्हा करायचं एवढंच, गेल्या बारा महिन्यांची बिलं काढा, ॲपवर असतात, प्रत्येक महिन्याचे युनिट एका कागदावर लिहा. मग दोन्ही कंपन्यांचं यंदाचं दरपत्रक घ्या, आयोगाच्या आदेशातलं, गेटवरच्या पत्रकातलं नको. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार म्हणजे तेच वायरचं भाडं, आणि दर महिन्याला बदलणारा इंधन समायोजन आकार, सगळं धरून बाराही महिन्यांचं मांडा. बारावीचा मुलगा आहे घरात, अर्ध्या तासाचं काम आहे, त्याला लावा. एक काळजी मात्र घ्या, वहन आकाराच्या रकान्यात नव्या कंपनीच्या स्वतःच्या केबलवरच्या ग्राहकाचा दर उचलू नका, तुम्ही चेंजओव्हरवाले असाल तर जिची वायर तिचा वहन आकार लागतो. लोक इथेच फसतात, पलीकडच्या नवीन टॉवरमध्ये सुरुवातीपासून त्या कंपनीचीच केबल असते, त्यांचं बिल बघून आपण हुरळतो.

एवढं करून वर्षाला हजार-बाराशेच्या वर फरक निघाला तर खुशाल बदला. प्रक्रिया फार अवघड नाही, अर्ज नव्या कंपनीकडे करायचा, जुनी थकबाकी शून्य हवी, शेवटचं रीडिंग घेतलं जातं. त्या रीडिंगच्या दिवशी मीटरचा फोटो स्वतः काढून ठेवा, तारखेसकट. डिपॉझिट नव्याकडे नव्याने भरावं लागतं, साधारण दोन महिन्यांच्या बिलाइतकं धरून चाला, आणि जुन्याकडचं डिपॉझिट परत मागायला विसरू नका, कितीतरी जण विसरतात. फरक दोन-चारशेचा निघाला तर मी तुमच्या जागी असते तर हललेच नसते, पुढच्या एप्रिलमध्ये परत बघितलं असतं. तुमचे युनिट बघता मला वाटतं तुम्ही याच गटात पडणार, पण हिशोब केल्याशिवाय माझंही ऐकू नका.

आणि त्या मुलाला कोरा फॉर्म सही करून देऊ नका. बाकी आम्ही बघतो म्हणणाऱ्याला कधीच काही सही करून देऊ नये, लाईट असो नाहीतर सोसायटीचा रीडेव्हलपमेंटचा कागद.

प्रश्न : दादरला राहतो. आमच्याकडे बेस्टची लाईट. माझी बहीण अंधेरीला, तिला दोन कंपन्यांत निवड करता येते आणि आम्हाला नाही, हा कुठला न्याय? आम्ही पण त्याच मुंबईत टॅक्स भरतो.

उत्तर : काका, न्यायाचं माहीत नाही, कायद्याचं सांगते. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत वायर बेस्टची, आणि बेस्ट ही महापालिकेची म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेची. २००३ च्या वीज कायद्यात अशा संस्थेला आपली वायर दुसऱ्याला वापरू द्यायची सक्ती करता येत नाही. म्हणून अंधेरीसारखं चेंजओव्हर तुमच्याकडे नाही. दुसऱ्या कंपनीने स्वतःची केबल टाकली तर गोष्ट वेगळी, पण दादरच्या गल्लीत नवीन केबल टाकायला रस्ता खणणं म्हणजे काय ते तुम्ही रानडे रोडला रोज बघता, मी काय सांगू.

एक मात्र खरं, काही वर्षं बेस्टच्या बसचा तोटा तुमच्या लाईट बिलातून वसूल होत होता, वेगळा आकार म्हणून. त्यावर तुम्ही चिडला असतात तर मी पण तुमच्या बाजूने ओरडले असते, आणि मग त्याच बसने घरी गेले असते.

प्रश्न : आम्ही पुण्यात, कोथरूडला. आम्हाला महावितरण सोडून दुसरी कंपनी कधी मिळणार?

उत्तर : तारीख मला सांगता येणार नाही आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. एकाच भागात दोन लायसन्स कायद्याला चालतात, खासगी कंपन्यांनी मुंबईच्या आसपासच्या महावितरणच्या भागासाठी अर्जही केले होते, पण अर्ज होणं वेगळं आणि तुमच्या किचनमध्ये दिवा लागणं वेगळं. आणि कंपनी बदलली म्हणजे दर बदलतातच असं पण नाही. भिवंडीचं बघा, २००७ पासून तिथे टोरंट ही खासगी कंपनी काम बघते, मीटर तीच वाचते, वसुली तीच करते, पण ती महावितरणची फ्रँचायझी, म्हणून दर महावितरणचाच लागतो.

तुमच्यासाठी खरी निवड छतावर आहे. पीएम सूर्यघर योजनेत घरगुती सोलरला दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला एकूण ७८,००० रुपये केंद्राची सबसिडी आहे. बंगला असेल तर उद्याच कोटेशन मागवा. फ्लॅट असेल तर गच्ची सगळ्यांची, तिथे सोसायटीच्या लिफ्ट-पंपाच्या कॉमन मीटरसाठी सोलर बसवणं सोपं जातं, त्यालाही किलोवॉटमागे १८,००० ची सबसिडी आहे, आणि मेंटेनन्स कमी झाला की त्याचा फायदा तुमच्यापर्यंत येतोच. सावली मात्र आधी बघा. शेजारी अकरा मजल्यांचं काम सुरू असेल तर थांबा.

प्रश्न : माझी लेक इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. तिने म्हणे सोफ्यावर बसून मोबाईलवर दहा मिनिटात लाईटची कंपनी बदलली, कुणी घरी आलं पण नाही. आपल्याकडे असं का नाही? – ठाण्याहून एक आजी

उत्तर : आजी, तिथे वायर सांभाळणारे वेगळे आणि वीज विकणारे वेगळे, हे कायद्यानेच तोडून ठेवलंय. वायर त्या भागातल्या एकाच कंपनीची, विकणारे मात्र डझनावारी, १९९९ पासून सगळ्या घरांना निवड खुली आहे. त्यामुळे बदलायचं म्हणजे फक्त खातं बदलायचं. आपल्याकडे जिची वायर तीच विकणारी, म्हणून प्रत्येक वेळी भांडण वायरवरून होतं. हे बदलायला, म्हणजे एकाच वायरवर अनेकांना विकता यावं म्हणून, ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं होतं, ते स्थायी समितीकडे गेलं.

पण लेकीला विचारा २०२१ ची थंडी कशी गेली. गॅसचे भाव भडकले आणि तिथल्या वीज-गॅस विकणाऱ्या कितीतरी छोट्या कंपन्या एकामागून एक बुडाल्या, लोकांनी स्वस्त बघून धरलेल्या. दिवे कुणाचे गेले नाहीत, ग्राहकांना परस्पर दुसऱ्या कंपनीकडे सोपवलं, पण स्वस्तातला दर तिथेच राहिला. तिथेही आता सरकारी नियामक कमाल दर ठरवतो, २०१९ पासून, कारण बरेच लोक दहा मिनिटं सुद्धा काढत नव्हते, वर्षानुवर्षं त्याच महाग कंपनीत पडून होते. आणि हो, तिला सांगा युनिटचा दर बघताना रोजचा जो स्थिर आकार लागतो तो पण बघ, ती एकटी राहत असेल तर तोच जास्त बोचतो.

प्रश्न : गोरेगावला भाड्याने राहते, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट. बिल मी भरते. मग कंपनी मी बदलू शकते ना?

उत्तर : मीटर ज्याच्या नावावर त्याची सही लागते, म्हणजे मालकाची. त्याची तयारी असली तरी आधी बिलावरचं नाव नीट वाच. माझा अनुभव असा की बिलावर सध्याच्या मालकाचं पण नाव नसतं, ज्याने पंधरा वर्षांपूर्वी फ्लॅट विकला त्याचं असतं, आणि तो माणूस आता कुठे आहे कुणाला माहीत नसतं. मग आधी मालकाला नाव बदलून घ्यायला लावावं लागतं, ॲग्रीमेंटची कॉपी, सोसायटीचं पत्र, हे सगळं. आणि नव्या कंपनीत डिपॉझिट कोण भरणार, तू की तो, आणि तू घर सोडताना ते कुणाला मिळणार, हे व्हॉट्सॲपवर तरी लिहून घे. अकरा महिन्यांसाठी एवढं सगळं करायचं असेल तर आधी गीझरचा टायमर लाव.